भुसा धुण्याची रीत

३ मार्च
चि. बिट्टीस अनेक आशीर्वाद.
तू गेलीस आणि कारखाना सुना झाला, असं मुकादम म्हणतो. आठ दिवस माझे बूट घालून भुशाच्या ढिगांत हिंडलीस, आमच्या बाकावर बसून डबा खाल्लास. एवढी शिकलेली बाई वाटलीच नाहीस, असं सगळ्यांचं मत पडलं. भुशापासून रसायन काढायची आमची हांडी खोलीएवढी, आणि तुझा रिअॅक्टर म्हणे तळहाताएवढा. पण आमचा उत्प्रेरक महिनोन् महिने टिकतो कसा, हे सव्वीस वर्षांत तूच पहिल्यांदा विचारलंस. भुसा गरम पाण्यात दोनदा धुवायचा, पहिलं पाणी टाकायचं, हे कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. आई म्हणते, वाळलीस. वेळेवर जेवत जा.
तुझा, बाबा

१९ मार्च
ती. बाबांस सा. न. वि. वि.
तुमची रीत लागू पडली. माझ्या रिअॅक्टरच्या केसाएवढ्या नळ्या चार तासांत काळ्या चिकट्यानं बुजायच्या; आता नऊ दिवस अखंड चालल्या. आमच्या प्रयोगशाळेच्या संचालकबाई कधी हसत नाहीत, त्याही हसल्या. मी सांगून टाकलं, अक्कल बाबांची, हात माझे. खरं तर तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचायला हवं, पण तुमचं वजन मला पेलेल का, ते आईला विचारा. माया आहे तशी राहू द्या.
तुमची, बिट्टी

६ मे
चि. बिट्टीस,
आशीर्वाद लिहायला हात उठला नाही.
हांडी महिनाअखेर बंद. एकतीस माणसं घरी. तसा कागद फाटकावर लावलाय. मी मॅनेजरना जाऊन विचारलं, तर त्यांनी अहवालच पुढे केला. हांडी मोडून तुझे रिअॅक्टर बसवा, चार माणसं पुरतील, असं त्यात लिहिलंय. खाली तुझी सही, तारीख बारा फेब्रुवारी. म्हणजे आमच्याकडे आलीस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. ज्यांच्या पोटावर पाय द्यायचा त्यांच्याच डब्यातलं खाल्लंस. आणि मी मूर्ख, तुला हौसेनं सगळं शिकवत बसलो. मुकादमानं मला सगळ्यांदेखत विचारलं, तुला माहीत होतं का.
बाबा

१४ मे
ती. बाबांस सा. न. वि. वि.
चुकलं. कुठे बोलू नका अशी ताकीद होती, हे खरं. पण सांगितलं असतं तर तुम्ही रीत दाखवली नसती, हेही खरं. म्हणून गप्प बसले. त्या चार जागांतली एक तुमच्यासाठी मागून घेतली आहे, भुसा धुण्यावर देखरेखीची. नाही म्हणू नका. हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण पत्र बंद करू नका.
तुमची, बिट्टी

२२ मे
चि. बिट्टीस आशीर्वाद.
ती जागा मला नको. मुकादमाला द्या, त्याला माझ्याएवढंच येतं. निरोप तुमच्या ऑफिसातूनच जाऊ दे, कारण तो आता माझ्याशी बोलत नाही. काल मी डबा उघडला, तर बाकावरचे सगळे उठून गेले. त्यांचं काही चुकलं नाही. मीच त्यांना सांगितलंय, की होय, मला पहिल्यापासून माहीत होतं. खोटं बोललो. पोटच्या पोरीनं बापाला फसवलं, हे त्यांच्या तोंडून माझ्याच्यानं ऐकवलं नसतं.
बाबा