सुटलेली नाडी

३ मार्च
आज पुन्हा टाळ्या! या दफनभूमीत दोनशे पुतळे, एकाहून एक देखणे देवदूत — पण लोकांना हवी असते सातव्या रांगेतली संगमरवरी बाई. डाव्या बुटाची नाडी सुटलेली. फेरीला आलेल्यांना मी सांगतो, नवऱ्याला सोडून पळाली, घाईत नाडी बांधायची राहिली, वाटेतच मेली. नवऱ्याने सूड म्हणून तशीच दगडात कोरून घेतली!

गोष्ट माझ्याच डोक्यातली. सहा वर्षांपूर्वी लोक जांभया देत होते, तेव्हा सुचली.

९ मार्च
फेरी संपली तरी काठी टेकत आलेल्या एक आजी थांबून राहिल्या. म्हणाल्या, "ती माझी आजी हो. दिवसभर शिलाईमशीन चालवून पाय सुजायचे तिचे. बुटाची नाडी आजोबाच बांधायचे, सोडायचेही तेच. ती गेल्यावर शिल्पकाराला म्हणाले, इथे तरी पाय मोकळे राहू देत."

मग हळूच, "तुम्हाला ते पळाल्याचं कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "जुन्या कागदपत्रांत आहे."

१० मार्च
कागदपत्रं! हा शब्द तोंडातून आला कुठून? एक थाप सांभाळायला दुसरी, तीही थकल्या डोळ्यांच्या म्हातारीला. बायकोने विचारलं, "जेवत का नाही?" म्हटलं, पित्त झालंय. ही तिसरी.

१४ मार्च
दफनभूमीच्या कार्यालयात जाऊन साहेबांना खरं सांगून टाकलं. ते हसले. "अहो, फेरीच्या पुस्तिकेत छापलंय आपण ते! राहू द्या की."

मी "बरं" म्हणालो. हायसं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटते.

१८ मार्च
ठरलं. रविवारी सगळ्यांसमोर खरी गोष्ट सांगायची. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिली.

२० मार्च
पन्नासेक माणसं होती. सुरुवात केली, "ही शिवणकाम करणारी एक साधी बाई —" मागून कुणीतरी ओरडलं, "पळालेली ती हीच ना? ते सांगा की!"

सांगितलं. नेहमीपेक्षा रंगवून सांगितलं. टाळ्या थांबेनात. मी माणूस आहे की जनावर!

२७ मार्च
आजी आल्या होत्या, नातीला घेऊन. नात पुतळ्यासमोर पुस्तिका मोठ्याने वाचत होती. पाय धरावेत म्हणून मी पुढे झालो, तर त्यांनीच हात जोडले.

"त्या दिवशी उगाच बोलले तुम्हाला. कागदात आहे म्हणजे तसंच असणार. आजोबांनी आम्हा पोरांपासून लपवलं असेल."

मीही नुसते हात जोडले. जाताना त्यांनी पुतळ्याकडे वळूनही पाहिलं नाही.