गाठीतला गुलाबी रंग

हेब्बाळ, मंगळवार, सप्टेंबर १९९४

आज चुकले, तेही सगळ्यांसमोर. बिनखताच्या वाफ्यात रागीचा, म्हणजे नाचणीचा, एकच पट्टा गर्द हिरवा दिसला आणि माझा पारा चढला. शेतावर काम करणाऱ्या नागक्काला बाकीच्या बायकांदेखत म्हटलं, "युरिया सांडलास ना? वर्षभराचा प्रयोग वाया घालवलास!"

ती चिडलीसुद्धा नाही. "अम्मा, गेल्या वर्षी तिथे अवरेच्या, तुमच्या वालाच्या, शेंगांची ओळ होती. तुम्ही सगळं मुळासकट उपटायला सांगितलंत. ती एक ओळ मी विळ्यानं कापली. मुळं मातीत राहू दिली. आमच्या घरी तसंच करतात."

मग माझ्यासाठी म्हणून बांधावरचं अवरेचं एक रोप तिने उपटलं, मुळावरची गाठ माझ्या हातावर ठेवली. "स्वल्प फोडून बघा." नखाने फोडली. आत गुलाबी रंग. थेट रक्तासारखा.

हा रंग मी विद्यार्थ्यांना शिकवते! हवेतला नायट्रोजन धरणारे जिवाणू, सगळं फळ्यावर, पांढऱ्या खडूने. शेवटची गाठ स्वतःच्या नखाने कधी फोडली होती? कॉलेजात असताना बहुतेक. मोहरीएवढी गाठ, आणि वर्षभराने तिच्या जागी रागी अशी हिरवीगार! शेंगांच्या मुळांनी मातीला दिलेला जो नायट्रोजन मी मोजायला बसले होते, तोच उपटून फेकायला सांगत होते की काय?

नखातला गुलाबी आता तपकिरी झालाय. धुवावासा वाटत नाही.

नोंदवहीत सकाळी 'युरिया सांडला' लिहिलं होतं. ते खोडून 'नागक्काची ओळ' असं लिहिलं. उद्या सगळ्या बायकांसमोर वाचून दाखवायचं. ओरडले तेवढ्याच मोठ्याने.