पहिली गोळी भरणाऱ्याची

प्रिय वेदांगदादा,

हे पत्र लॅन्सी तुझ्या हातात देईल. आमच्या नेमबाजी क्लबच्या कँटीनचं सामान आणतो तो, वसईचा. गेल्या वेळी तुला बसपर्यंत सोडायला आला होता. त्याची बहीण ब्रिजिट तुमच्या रुवैसलाच असते, तिच्याकडे तो आज दुपारी निघतोय. तुमच्या प्लांटचं शटडाऊन चालू आहे, दिवसभर फोन लॉकरमध्ये असतो, हे मला ठाऊक आहे. रात्री तू माझे मेसेज बघतोस आणि एक अंगठा पाठवतोस. काल मी एवढं लांबलचक लिहिलं, त्यालाही अंगठाच आला. म्हणून कागदावर लिहिते आहे. उभ्याउभ्या वाचू नकोस. चहा घे आणि बसून वाच.

इथे सकाळपासून धुळीत डोंगर दिसत नाहीत. बाबा नेहमीसारखे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून क्लबवर गेले. मी घरी आहे. का, ते पुढे सांगते.

तुला वरणगावच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं? बाबा काडतुसांच्या कारखान्यातून आले की आईच्या डब्यांतून मोहरी आणि तीळ काढून घ्यायचे आणि मला शिकवायला बसायचे. तू पळून जायचास खेळायला. पत्र्याच्या तराजूत मोहरी मोजायची, पुन्हा मोजायची, वाटी रिकामी करायची, डबा बंद करून जागेवर ठेवायचा, आणि मगच तिळाचा डबा उघडायचा. टेबलावर एका वेळी एकच डबा. एकदा मी उरलेले तीळ चुकून मोहरीत ओतले, तर त्यांनी सगळी मोहरी फेकायला लावली. आई ओरडली, "अहो, फोडणीची मोहरी आहे ती, बाँब नाही!" बाबा म्हणाले, "साधना, सवय लागते ती डब्यात काय आहे ते बघून लागत नाही." माझी पहिली शाळा ती. आजही घराबाहेर पडताना मी गॅस तीनदा बघते, त्याचं खापर तू त्याच शाळेवर फोडतोस.

आई गेल्यावर मी त्यांना इकडे रास अल खैमाला आणलं, तेव्हा ते दिवसभर गॅलरीत बसून राहायचे. क्लबच्या अरबाबांना, म्हणजे मालकांना, काडतुसं भरणारा जाणता माणूस हवा होता. परवाना क्लबचा, खोली क्लबची, मी तिथे आधीपासून स्टोअर सांभाळत होतेच. ते टेबल मिळालं आणि बाबा पुन्हा माणसात आले. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. अरबाबांच्या वडिलांची जुनी लिव्हरची रायफल आहे, खालचा दांडा ओढला की पुढचं काडतूस वर येतं, तशी. तिला बाजारातली काडतुसं मानवत नव्हती, नेम पसरायचा. बाबांनी तिच्यासाठी भरणी, म्हणजे दारूचं नेमकं माप, शोधून काढली. कमी मापापासून सुरुवात करायची, दर वेळी झाडलेली पुंगळी भिंगाखाली बघायची, आणि रायफल जिथे एकाच जागी मारायला लागते तिथे थांबायचं. पुस्तकात अजून वर जायला जागा असली तरी थांबायचं. "जास्त जोर म्हणजे जास्त नेम नव्हे, शुभ्रा. हिला तिच्या चालीनं चालू दे." मी त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक माप दुसऱ्यांदा बघायचे. आणि त्यांचा तो नियम तुला माहीतच आहे: पहिली गोळी भरणाऱ्याची. नवी भरणी झाली की पहिली गोळी स्वतः बाबा झाडणार, बाकी सगळे मागे उभे राहणार. त्याआधी कुणी त्या पेटीला हात लावायचा नाही.

रमजानच्या आधी मला त्या रायफलच्या पेटीत टोकदार गोळ्यांची काडतुसं दिसली. तुला हे कळणार नाही म्हणून सांगते. त्या रायफलमध्ये काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक, रांगेत बसतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकतं, आणि बुडातच ती टोपी असते जिच्यावर आघात झाला की काडतूस उडतं. म्हणून तिच्या गोळ्या सपाट तोंडाच्याच लागतात. हे बाबांनी मला दहावीत असताना शिकवलं होतं. मी पेटी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी एक काडतूस बोटांत फिरवून बघितलं. मग हसले. "पास झालीस. बघत होतो, तुझं लक्ष आहे का." मीही हसले. दादा, मला ते खरं वाटायला हवं होतं, म्हणून मी ते खरं मानलं.

मग गेल्या आठवड्यात ती बरणी. रायफलची दारू बारीक काड्यांसारखी असते आणि पिस्तुलाची चपट्या कपच्यांसारखी. पिस्तुलाची फार चटकन पेटते. रायफलच्या काडतुसात ती चुकून गेली तर रायफल फुटते, आणि ती गालाला लावलेली असते. या शनिवारी अरबाबांचे पाहुणे येणार, त्यांच्यासमोर त्या जुन्या रायफलचा मान आहे, म्हणून बाबांनी नवी पेटी भरून ठेवली होती. मी रायफलच्या दारूची बरणी उजेडात धरली आणि काड्यांमध्ये मला कपच्या दिसल्या. मोहरीत तीळ दिसावेत तशा. कुणीतरी मापातली उरलेली दारू भलत्याच बरणीत परत ओतली होती. त्या टेबलावर आम्ही दोघंच बसतो.

मी पेटीतली काडतुसं उकलून बघितली. काहींत नुसत्या काड्या होत्या, काहींत कपच्याही.

मी बाबांना सांगायला हवं होतं. ते चहा पीत होते आणि पाहुण्यांसमोर कुठला शर्ट घालू म्हणून विचारत होते. मला वाटलं, अरबाबांना कळलं तर हे टेबल गेलं, आणि टेबल गेलं की बाबा पुन्हा गॅलरीत. म्हणून मी रेंजची सुरक्षा बघणाऱ्या यूनुसभाईंकडे गेले आणि सांगितलं की बरणी मी मिसळली. त्यांनी पेटी आणि बरणी दोन्ही नष्ट केली. मला म्हणाले, "बेटी, गलती बोल दी, अच्छा किया। लेकिन अब उस कमरे में नहीं। खलास।" संध्याकाळी बाबांना कळलं. मला वाटलं होतं रागावतील. ते एवढंच म्हणाले, "मोहरी फेकायला लावली होती, तरी नाही शिकलीस." त्यांनी ते मनापासून मानलं होतं, दादा. ओतल्याची त्यांना आठवणच नव्हती. खोटं बोलताना मी सगळ्याचा विचार केला होता. एवढ्याचाच केला नव्हता.

आता ते शनिवारसाठी पुन्हा भरतायत. एकटे. प्रत्येक माप दुसऱ्यांदा बघणारं त्या खोलीत कुणी नाही, कारण मीच स्वतःला बाहेर काढलं. काल मी माझी पाण्याची बाटली आणायच्या निमित्ताने गेले आणि दाराच्या काचेतून बघितलं. टेबलावर दोन बरण्या उघड्या होत्या. मी धावत यूनुसभाईंना घेऊन आले. आम्ही आत गेलो तेव्हा एकच होती, आणि बाबा म्हणाले, "आइए यूनुसमियाँ, बैठिए, ये लड़की आपको यूँ ही दौड़ाती है।" बाहेर आल्यावर मी यूनुसभाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उस दिन तुम बोली मैंने किया, आज बोलती हो बाप ने किया। मैं चलाने वाला आदमी हूँ, भरने वाला नहीं। किसकी मानूँ? उस्ताद की, या तुम्हारी?" मी त्यांच्या जागी असते तर मीही उस्तादांचीच मानली असती. घरी येऊन मी बाबांना हात जोडून सांगितलं, ही पेटी बाद करा, मला शंका आहे. शंका आली की पेटी बाद, हा त्यांचाच नियम. ते म्हणाले, "शंका तुझी आहे. पेटी माझी आहे." आणि पहिली गोळीही त्यांचीच असणार आहे.

हिवाळ्यात तू त्यांना अबू धाबीला डोळ्यांच्या तपासणीला म्हणून नेलंस. परत आलास तेव्हा गाडीतून उतरताना तू त्यांचा हात धरलास. त्याआधी तू कधी धरला नव्हतास. चष्म्याचा नंबर बदलला नव्हता, मी बघितलं. डॉक्टर डोळ्यांचे नव्हते, हे मला तेव्हाच कळलं होतं. तू सांगितलं नाहीस, मी काळजी करते म्हणून, आणि मी विचारलं नाही, मलाही ते ऐकायचं नव्हतं म्हणून. आपण दोघांनी मिळून त्यांना त्या टेबलावर बसवून ठेवलं आहे. त्याबद्दल भांडायचं असेल तर रविवारी भांडू. आज हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं आहे, की माझ्या शब्दाची किंमत मीच घालवली आणि आता तुझाच शब्द उरला आहे. त्या डॉक्टरांनी तुला जे सांगितलं, ते यूनुसभाईंना सांग. नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे, पण फोनवर भागेल असं मला वाटत नाही, त्यांनी तुझा चेहरा बघायला हवा. लॅन्सी उद्या, शुक्रवारी, पहाटेच परत निघतो, त्याच्या गाडीत जागा आहे. सुपरवायझर नाही म्हणाला तरी ये. शनिवारी सकाळी पाहुणे येतील, बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पुढे होतील, बाकीच्यांना हाताने मागे सारतील आणि रायफल गालाला लावतील. तू आला नाहीस तर मी मागे उभी राहणार नाही. ते मला ढकलतील, तरी नाही.

तुझीच वाट बघणारी,
शुभ्रा