पालथा दगड

५ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी सुखरूप पोचले. खोकला कसा आहे तुझा? वहिनींना सांग, त्यांनी दिलेला लोकरी रुमाल रोज कामाला येतोय. इथला वारा भलताच आगाऊ आहे, सरळ कानात शिरतो. खोली ठीक आहे. घरमालकीण शिवणकाम करते, त्यामुळे दिवसभर भिंतीपलीकडे मशीन धडधडत असतं. छापखान्यात आयुष्य गेलेल्या बाईला त्याचा त्रास होत नाही, उलट झोप छान लागते.

आता तुझ्या कामाचं सांगते, नाहीतर तू पत्र उलटसुलट करून तेच शोधत बसशील. दफनभूमी गावाबाहेर टेकडीच्या उतारावर आहे. फाटक एका बिजागरीवर तग धरून उभं आहे. आत साडेतीनशेच्या आसपास दगड. त्यात आपल्या आडनावाचे मी आतापर्यंत सदतीस मोजले. प्रत्येकाला क्रमांक दिला, मापं घेतली, दोन-दोन फोटो काढले आणि मजकूर वहीत जसाच्या तसा उतरवला, खोदणाऱ्याच्या चुकांसकट. चुलत आजोबांच्या दगडावर ‘स्मृती’चं ‘स्मुती’ झालंय. एकतीस वर्षं मुद्रितं तपासलेला हात नुसता शिवशिवत होता, पण दगडावर लाल पेन चालत नाही.

दगड खरवडायचे नसतात, हे इथल्या राखणदाराने पहिल्याच दिवशी दटावून सांगितलं. मऊ ब्रश आणि साधं पाणी, बास. अगदीच झिजलेल्या अक्षरांसाठी मी न्हाणीघरातला आरसा नेते. दगडाच्या बाजूला तो तिरपा धरला की ऊन अक्षरांत आडवं शिरतं आणि कोऱ्या वाटणाऱ्या दगडावर नाव उठून येतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी लहान मुलीसारखी ओरडले.

राखणदार सत्तरीचे आहेत. गाव त्यांना ‘अध्यक्ष’ म्हणतं. कधीकाळी दफनभूमीची समिती होती, तिचे दोनच सभासद होते, आणि दुसरे वारले. दुपारी ते मला अवजारांच्या खोलीची पायरी बसायला देतात. चांगली रुंद, गुळगुळीत आहे. हे पत्र तिच्यावर बसूनच लिहितेय.

एक गंमत. निघताना तू मला दोनदा बजावलंस, मागच्या भिंतीकडे जाऊ नकोस, साप आहेत. अध्यक्षांना विचारलं तर ते हसत सुटले. “ताई, चाळीस वर्षांत इथे साप म्हणून मी एकदाच दचकलो, तो पाण्याचा पाइप निघाला.” तेव्हा उद्या मी तिकडे जाणार. जुन्या नोंदवहीत आपल्या आडनावाची माणसं अडतीस आहेत आणि दगड सदतीसच भरतात. तुझ्या पंचाहत्तरीला घराण्याचं पुस्तक निघायचं आणि त्यात माणूस कमी, हे मला चालायचं नाही.

बाकी क्षेम.

तुझी धाकटी


९ मार्च

दादा,

नमस्कार. तब्येतीचं नंतर विचारते.

मागच्या भिंतीशी एक रिकामी जागा सापडली. लांबट खळगा, डोक्याकडे दगड रोवल्याची खूण. नोंदवहीतला क्रमांक तिथलाच होता. मी अध्यक्षांना हाक मारली. ते खोलीच्या दारात फावडं पुसत होते. मी पायरीवर उभी राहून नोंदवही त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, “हा दगड कुठे गेला?”

त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, “ताई, तुम्ही त्याच्यावरच उभ्या आहात.”

मी उडीच मारली, दादा. चार दिवस मी तिच्यावर बसून डबा खाल्ला होता. बुटांचा चिखल त्याच कडेला घासला होता.

“पडला होता का हो?”

“पडला नव्हता. पाडायला लावला. अकरा वर्षं झाली. शहरातून एक गृहस्थ आले होते, तुमच्यासारखंच नाक. म्हणाले, हा आमच्यातला नाही, चुकून आमचं आडनाव पडलंय, उपटून टाका. मला फोडवेना. म्हटलं, निदान पालथा घालून ठेवू, अक्षरं तरी सुखरूप राहतील.”

मी तुझा फोटो दाखवला नाही. गरज नव्हती.

पाथरवटाला बोलावून काल तो दगड उलटला. पहारी लावायला दोन माणसं लागली, तिसरा हात माझा. अक्षरांत माती घट्ट बसली होती. मी ब्रश घेऊन बसले आणि दुपारभर ओल्या बोटांनी एकेक ओळ मोकळी केली. वरती तिचं नाव. खाली आपलं आडनाव, स्वच्छ, ठळक. त्याखाली, “हयात सत्तावीस वर्षे. एका मुलाची आई.” आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत, “हा दगड इस्पितळाच्या धुलाईघरातील सोबतिणींनी उभा केला.”

आजोबांनी नव्हे. सोबतिणींनी.

एवढं वाचून मी नवल वाटल्यासारखं लिहिणार होते. तसा एक कागद लिहूनही झाला, “दादा, तुला ठाऊक होतं का?” वगैरे. मग तो फाडला. तुला ठाऊक होतं, कारण तुला मीच सांगितलं होतं.

बाबांची नखं कापत होते त्या दिवशी. ते आपणहून म्हणाले, “माझी आई इस्पितळाच्या चादरी धुवायची. मी चार वर्षांचा होतो, चेहरा आठवत नाही. हात आठवतात. लाल, सुरकुतलेले. कुठे बोलू नकोस हं, नातीचं लग्न ठरतंय.” आणि मग, “एकदा मला तिथे घेऊन चल.” मी म्हटलं, “बरं वाटू दे, मग जाऊ.” त्यांना बरं वाटणार नव्हतं हे डॉक्टरांनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. पुढे दोन महिने ते दर रविवारी विचारत, “आज जायचं?” आणि मी दर रविवारी काहीतरी कारण काढत असे. एकदा पावसाचं. बाहेर कडकडीत ऊन होतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि हातातली काठी परत कोपऱ्यात ठेवली.

ते गेल्यावर चष्म्याच्या डबीत त्यांच्या हातचा कागद निघाला. “मला गावी, माझ्या आईशेजारी ठेवा.” खाली सही, तारीख. तू वाचलास आणि म्हणालास, म्हातारपणी माणूस काहीही लिहितो, फाडून टाक. मी मान हलवली. चौथ्या दिवशी आपण त्यांना शहरात संगमरवराखाली ठेवलं, आजोबांच्या दुसऱ्या बायकोशेजारी, त्या बड्या डॉक्टरांच्या मुलीशेजारी, जिला आपण आजी म्हणत आलो. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिने बाबांना वाढवलं, शिकवलं. पण तिने त्यांना जन्म दिला नाही, आणि तुझ्या दिवाणखान्यातल्या त्या चौकटीतल्या वंशवृक्षावर मात्र दिलाय.

मी मूग गिळून बसले. तुझ्या लेकीच्या लग्नात मिरवले. सगळी कामं आवरून मी घरी आले आणि तुला सांगितलं, कागद फाडला.

फाडला नाही. शब्दकोशात आहे. अकरा वर्षं मी तो शब्दकोश रोज उघडला आणि ती पानं टाळून शब्द शोधले.

तेव्हा आता माझं ऐक. दगड परवा उभा राहतोय. तुझ्या वंशवृक्षात तिचं नाव जाणार, बाबांच्या बरोबर वर, आणि ती काय काम करायची तेही जाणार. तू म्हणशील, लोक काय म्हणतील. लोकांना इस्पितळातल्या धुतलेल्या चादरी चालतात, मग धुणारी का चालू नये? आणि बाबांना मी इकडे आणणार आहे. तुला विचारत नाहीये, कळवतेय.

औषध वेळेवर घे.

धाकटी


२ मे

दादा,

नमस्कार.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. “गाडलेलं उकरू नकोस. वही पाठव.” अक्षर थरथरलंय. खोकला अजून आहे असं दिसतं.

शहरातल्या दफनभूमीच्या कचेरीत मी बाबांचा कागद घेऊन गेले होते. खिडकीतल्या बाईंनी तो दोनदा वाचला, आजीच्या दफनाच्या जुन्या अर्जावरच्या बाबांच्या सहीशी ताडून पाहिला आणि विचारलं, “स्पष्ट लिहिलंय की. मग अकरा वर्षं काय केलंत?”

पुष्कळ उत्तरं तयार होती. तोंडातून आलं, “भ्याले.”

त्यांनी अर्ज पुढे सरकवला. नोटीस तुलाही गेली. हरकत घ्यायला तीस दिवस होते. तू हरकत घेतली नाहीस, संमतीही दिली नाहीस. तीस दिवस मी टपाल आलं की दारात धावत होते, हे तुला कळू दे. एकतिसाव्या दिवशी परवानगी मिळाली.

शनिवारी सकाळी बाबांना आणलं. मी, अध्यक्ष, पाथरवट आणि त्याचा भाऊ. एवढीच माणसं असतील असं मी धरून चालले होते. दहाच्या सुमाराला फाटक कुरकुरलं. वहिनी. एकट्या, हातात पिशवी, बसच्या प्रवासाने चेहरा उतरलेला.

“वहिनी, तुम्ही? दादा…”

“त्यांना मंडईत जाते म्हणून सांगितलंय.”

“मंडई इथून चार तासांवर आहे.”

“मग भाजी आज महागच पडणार, वन्सं,” त्या म्हणाल्या आणि पुढे आल्या.

तिचा दगड उभा होता. वहिनी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या, चष्मा लावला आणि नाव मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं, हळू. “वन्सं, हे नाव तर बाबांनी तुमच्या लेकीसाठी सुचवलं होतं. पाळण्याशी उभे राहून.”

मला ते आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. त्या म्हणाल्या तशी एकदम सगळी खोली डोळ्यांपुढे आली. बाबा नाव सुचवतायत, आणि आपण सगळे हसतोय, काय जुनाट नाव, दळणाच्या डब्यावर शोभेल असं. बाबाही हसले होते. आपल्याबरोबर हसले, दादा, स्वतःच्या आईच्या नावाला.

“सगळ्यात मोठ्याने मी हसले होते,” वहिनी म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून बाबांची जुनी काठी काढली, दोन तुकडे करून आणली होती बसमध्ये मावावी म्हणून, आणि खड्ड्यात त्यांच्याजवळ ठेवली. पहिली मूठ माती त्यांनीच टाकली. मग मी. अध्यक्षांनी टोपी काढून हातात धरली होती. समितीच्या वतीने, असं ते नंतर म्हणाले.

परतीच्या बसला त्यांना बसवताना मी विचारलं, “दादाला काय सांगाल?”

“मी काही सांगणार नाही. तुम्ही लिहा. तुमचं पत्र ते तीन-तीनदा वाचतात, माझं बोलणं एकदाही ऐकत नाहीत.”

म्हणून लिहिलं.

वहीची संपूर्ण नक्कल सोबत आहे, तुझ्या पुस्तकासाठी. मूळ वही मी माझ्या जुन्या छापखान्यात दिली आहे. तुझं पुस्तक निघो न निघो, ती छापली जाईल, आणि प्रत्येक चुलतभावंडाच्या घरी एक प्रत जाईल. तुला तिचं नाव गाळून पुस्तक काढायचं असेल तर खुशाल काढ. दोन्ही पुस्तकं एका फळीवर राहतील, पोरं आपली आपण ताडून पाहतील. मी मात्र यापुढे कुणासमोर मान हलवणार नाही. तुझ्यासमोर तर मुळीच नाही.

वहिनींवर रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर रागव, मला त्याची सवय आहे, आणि तुला दुसऱ्या कुणावर नीट रागवताही येत नाही. बाबा आता आईशेजारी, उताराच्या वरच्या बाजूला आहेत, सकाळचं ऊन तिथे आधी पोचतं. यायचं असेल तर उजाडल्यावर ये. नाही आलास तरी तुझ्या वाट्याची माती मी टाकली आहे, तुझं नाव घेऊन.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी