कुमारीच्या जोड्याची जागा

कुसामो, ९ जून

प्रिय आर्तो,

तू मजेत असशीलच, नेहमीच असतोस. इकडे आईचा पाय तसाच आहे. तळ्यावरचा बर्फ यंदा उशिरा फुटला, डास मात्र वेळेवर आले.

हेलसिंकीहून तू आणलेल्या कॅमेरेवाल्यांचे फोटो पाहिले. "आमच्या जंगलातलं दुर्मीळ फूल, कुमारीचा जोडा." आमच्या? या जंगलातलं लाकूड तू शेवटचं कधी उचललंस? आणि फोटोखाली तिथे जायचा नकाशा. इथे बेरी उगवणारी दलदलसुद्धा कोणी सख्ख्या जावेला दाखवत नाही. शेजारचा काउको कॉफीला आला तेव्हा म्हणाला, "विर्पी, भावाला सांग, आता तिकीट ठेव. संडास मी बांधून देतो." मी मनापासून हसले.

काल त्या फुलांच्या जागी गेले. वाट शोधावी लागली नाही, तुम्हीच तुडवून ठेवली होतीत. जुन्या स्प्रूस झाडाखालचं शेवाळ उचकटलेलं, त्यात पालथ्या पडलेल्या माणसांचे ठसे. उभं असं एकही फूल नाही. एका रोपाचं पान कोणीतरी कात्रीने कापलं होतं, फोटोत आड येत असणार. त्या रोपाला पानच एक असतं, आर्तो.

माझा राग फुलांसाठीच आहे का, असं स्वतःला विचारलं. सगळा नाही. ती जागा आईने तुला दाखवली. तिचे पाय मी धुते, आणि मी विचारलं की म्हणायची, "तुला कशाला? तू तर इथेच असतेस." जागा एकालाच द्यायची असते, हे मला मान्य आहे. तिने माणूस चुकीचा निवडला, एवढंच.

ती रोज विचारते, "फुललं का गं? आर्तो येईल, मला उचलून नेईल." मी म्हणते, अजून थंडी आहे. आज हसली. "जूनमध्ये थंडी? विर्पी, तुला खोटं बोलता येत नाही."

तेव्हा शनिवारी ये. तिला पाठीवर घे आणि तिथे ने. हे क्रूर आहे का, याचा मी पुष्कळ विचार केला, असेलही. पण ती जे विचारेल त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. मी सोबत येणार नाही. मला ती जागा कोणी दाखवलेली नाही.

तुझ्या आईची मुलगी,
विर्पी