कुलपांच्या राजाचं पहिलं पुस्तक

३ ऑगस्ट, रविवार. नांदेड

नाव ठरत नाही म्हणजे नाही! मिहिरचा पुण्याहून पुन्हा फोन. प्रकाशकाच्या जातीला धीर कसा तो नसतोच. "अपूर्वाताई, तिन्ही कादंबऱ्या तयार, मुखपृष्ठं तयार, आणि मालिकेला नावच नाही!" मी 'बारवगाथा' म्हणते, तर म्हणे पोथी वाटते. त्याला 'कुलपांचा राजा' हवंय. म्हणजे माझा अरिंजय — राज्यातल्या सगळ्या बारवांना, पायऱ्यांच्या विहिरींना, कुलपं ठोकून लोकांना तहानेनं मारणारा. त्याच्या नावाची पाटी मी कशाला लावू?

क्रमावरून दुसरं भांडण. मी सरळ लिहिलंय. पहिल्या पुस्तकात अरिंजय लहान, त्याची आई बारवेत बुडते. दुसऱ्यात तो राजा होतो, कुलपं घालतो. तिसऱ्यात लोक कुलपं फोडतात आणि तो मरतो. मिहिर म्हणतो, तिसरं आधी काढू, त्यात लढाई आहे. लढाई म्हणे! फटाक्यांचं दुकान उघडलंय का मी?

येत्या सतराला लातूरच्या वाचक मेळाव्यात नाव आणि क्रम जाहीर करायचाय. काय करणार, देव जाणे.

६ ऑगस्ट

दिवसभर पेपर तपासले. मालिकेचं नाव 'एटीकेटी' ठेवावं!

१० ऑगस्ट, रविवार. चाकूर

अण्णांकडे आले. काचबिंदूनं त्यांचं वाचन सुटलं, म्हणून तिन्ही पुस्तकं माझ्या आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सॅपवर पाठवली होती. भीत भीतच. एक तर वडील निवृत्त मुख्याध्यापक; राजे, जादू वगैरे म्हणजे त्यांच्या लेखी वेळेचा सत्यानाश. आणि दुसरं — अरिंजय मी कुणावरून घेतला ते मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या घराला संध्याकाळी सातला आतून कुलूप लागायचं. किल्ली अण्णांच्या जानव्याला. बारावीत असताना स्नेहसंमेलनाहून उशिरा आले, तर दार उघडलंच नाही. पहाटेपर्यंत पायरीवर बसले होते. आई आत रडत होती, पण किल्ली तिच्याकडे कुठे होती? आई गेली, तरी तो राग गेला नाही. सगळा पुस्तकात ओतला.

दारातच गौरम्मा भेटली. अण्णांचा स्वयंपाक हीच करते, फोनही हीच लावून देते. म्हणाली, "ताई, सर लई ऐकून राहिलेत. जेवण निवून जातंय, पण उठंनात."

"कुठवर आलं?"

"आता पयलंच उरलंय की."

पहिलं उरलंय? मग उलगडा झाला. बाईनं फोन उघडला आणि सगळ्यात खाली दिसलं ते लावलं! मी कपाळावर हात मारला, तर तीच मला समजावते — "खालचं ताजं असतंय नव्हं? शिळं कशाला आधी द्यावं सरांना?" म्हणजे अण्णांनी आधी तिसरं ऐकलं, मग दुसरं. राजा आधी मेला, मग गादीवर बसला!

चुकलंय, नीट लावून देते म्हटलं, तर अण्णांनी फोन ओढून घेतला. "राहू दे. बरं चाललंय."

११ ऑगस्ट. चाकूर

रजा टाकली. अण्णा दिवसभर पहिलं पुस्तक ऐकत होते. माझाच आवाज भिंतीपलीकडून ऐकायचा म्हणजे शिक्षाच.

संध्याकाळी हाक मारली. "त्या मेल्याला मी तिसऱ्यात लई शिव्या घातल्या. मेला तेव्हा बरं वाटलं. आणि आता सहा वर्षांचा होऊन पुढ्यात येऊन बसलाय. काय करू ग त्याचं?"

मी फोन हातात घेऊन रेकॉर्डिंग बंद केलं.

"मीच ना तो?"

नाही म्हणता आलं असतं. मी हो म्हणाले. अण्णांनी गौरम्माला चहा सांगितला. साखर जास्त टाक म्हणाले.

त्यांची आई ते सहा वर्षांचे असताना वारली, एवढंच आम्हाला माहीत. कशानं, ते विचारायची सोय नव्हती. बारवेत बुडणं मी रचलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. फार रडू आलं मला. राग अजून आहे, पण आज मला त्यांची माया आली.

१२ ऑगस्ट. नांदेड

मिहिरला सांगितलं — तिसरं आधी, पहिलं शेवटी. आणि नाव तुझंच, 'कुलपांचा राजा'; गोष्ट शेवटी त्याचीच आहे. "मी म्हणत नव्हतो?" असा खूश झाला! लढाईमुळेच पटलं असं त्याला वाटतंय. वाटू दे. अरिंजयचं बालपण आधी आलं की वाचक त्याला सुरुवातीपासूनच माफ करत सुटतो. आधी त्यानं काय केलं ते कळू दे. चीड येऊ दे. मग ते पोर दिसू दे.

१७ ऑगस्ट, रविवार. लातूर

जाहीर केलं! टाळ्या बऱ्या पडल्या. एका बाईंनी उठून विचारलं, "पहिलं शेवटी म्हणजे मध्यंतरानंतर पिक्चरला गेल्यागत न्हाई का व्हायचं?" सगळे हसले, मीही. अण्णा पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचा सदरा घालून. सगळ्यांनी टाळ्या थांबवल्या तरी हे आपले वाजवतच!

मिहिर म्हणाला, तिन्ही पुस्तकं उद्याच छपाईला.

१८ ऑगस्ट. नांदेड

शेवटी येणाऱ्या पुस्तकाची, म्हणजे पहिल्याची, छपाई थांबवायला लावली. मिहिर भयंकर चिडला. त्याला काय सांगू? सकाळी अण्णांचा निरोप आला होता, त्यांच्याच आवाजात —

"अपू, पुस्तक चांगलं आहे. एक चुकलंय. माझी आई मेली नव्हती. घरच्यांनी तसं सांगितलं, मग मीही तेच सांगत आलो. भर दुपार होती. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, म्हणून दाराची कडी मीच काढून दिली. म्हणाली, लगेच येते."