झोळीत कोणी उतरू नये

१२ जुलै
लग्नाच्या पहिल्या वर्षी वि. आणि मी मिळून ज्वारीचं पोतं कोठीत ओतायचो. तो तोंड धरायचा, मी खालचे कोपरे. मी थोपटायची. तो म्हणायचा, "मारू नकोस गं त्याला, ओढ. आधी इकडचा कोपरा, मग तिकडचा." माझ्या केसांत भुसकट. तो हसायचा. एवढंच.

वि.ला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष. आज मिलमध्ये पुन्हा अडकलं, म्हणून आठवलं असेल. सरकी ढेप, कोंडा, मळी. या दमट दिवसांत गुरांचं खाद्य चिकट होतं आणि वि.ने शिवून घेतलेल्या, पोत्यांच्या वर टांगलेल्या ताडपत्रीच्या झोळीत कमान धरतं. वर गच्च, तोंडाशी पोकळ, खाली पोत्यात काही नाही. देविदास मिस्त्रीने काठीने बदडलं. बदडलं की आणखी घट्ट बसतं. मग लोखंडी शिडी लावून आत उतरायला निघाला. मी हात धरला.
"बाई, मी का आज उतरून राह्यलो? वीस वर्षं झाले."
वि.सुद्धा वीस वर्षं उतरत होता.

१५ जुलै
त्या दिवशी वि. कमानीवर उभा राहून बांबूने टोचत होता. कमान खचली. तो आत, वरून सगळा माल. त्याआधी मीच खालून ओरडले होते, "लवकर कर, गाडी थांबलीय." हे कोणालाच सांगितलेलं नाही. माझ्या मुलीला, अनूलाही नाही. मिशनच्या शाळेत सिस्टर म्हणायच्या, कबूल केलं की हलकं वाटतं. लिहिलं. नाही वाटलं.

२१ जुलै
झोळीला दोन्ही अंगांनी कड्या शिवल्या. दोन दोर, दोन कप्प्या. एकाने डावीकडे ओढून सोडायचं, मग दुसऱ्याने उजवीकडे. कापडच आहे, लोखंड नाही, हलतं तर हलवावं.
देविदास: "बाई, हे झोळी हाय का पाळणा?"
पोती भरणारी सुलाबाई: "मंग गाणं म्हण ना बाप्पा!"
ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येते. मला याडी म्हणते, म्हणजे आई. माझ्याहून चारच वर्षांनी लहान!
कोरडा कोंडा छान उतरला. मळीचा माल नाही.

२९ जुलै
झोळीचं गोल तोंड उसवून लांबट केलं, हातभर फट. गोल तोंडाशी कमानीला चहूकडून आधार मिळतो, फटीशी दोनच बाजूंनी. आज मळीचा माल उतरला. थांबत थांबत, पण अख्खी झोळी, कोणी आत न जाता. मी रडले. सुलाबाईने पदराने माझं तोंड पुसलं. पदरालाच ढेप.

२ ऑगस्ट, शनिवार
सोमवारी सकाळीच पोती हवीत म्हणून झोळी काठोकाठ भरून ठेवायला सांगितली.
"मळीचा माल असा ठेवत नसतात बाई. जमून बसते तो."
"आता दोर आहेत ना, देविदास."

४ ऑगस्ट
माल दगड झाला होता. मी पोचायच्या आधीच त्यांनी दोर ओढले, एक कडी फाटून आली. बाईंना त्रास नको, म्हणून सुलाबाई शिडी लावून आत उतरली. मी पोचले तेव्हा छातीपर्यंत मालात. ओरडत नव्हती. "याडी, तू भायेर जाय." देविदासने विळ्याने झोळी वरपासून खालपर्यंत चिरली. सगळा माल एका दमात खाली. इतका सुरेख वाहताना मी तो कधी पाहिला नव्हता.
सुलाबाई आहे. पाय सुजलेत.
"काहून उतरलीस गं?" मी तिच्याच बोलीत.
"तुले इचारलं असतं तं तू उतरू देलं असतं का?"
वि.च्या वेळी घाई केली. या वेळी माझ्या दोरांची हौस.

१० ऑगस्ट
अनूचा फोन. माझ्या तपासण्या आल्या, हृदयाचं ऑपरेशन लांबवू नये म्हणतात. "मिल विकून टाक, आई." विकली तर नवा मालक हातात काठी देईल आणि माणूस उतरवेल. ठेवली तर घाई करायला मी आहेच. नवी झोळी शिवायला टाकली, जास्त उताराची. चालेल असं मनातून वाटत नाही.

१८ ऑगस्ट
उद्या नागपूर, परवा ऑपरेशन. डॉक्टर फार गोड बोलले. परत आले नाही तर, अनू, हे तू वाचशील. १५ जुलैचंही वाच.

वि.चं घड्याळ आणि माझी पुस्तकं तुला.

वि.ची सगळी हत्यारं, कप्प्या, दोर देविदासला. नव्या झोळीची मापंही त्याच्याकडे. टांगायची की नाही, ते त्यानेच ठरवावं. मला ठरवता आलं नाही.

सुलाबाईला शिलाई मशीन, माझ्या सुती साड्या, आणि मिलमधली लोखंडी शिडी. शिडी आधी द्यावी, उद्याच. तिने ती तांड्यावर घेऊन जावी. मिलमध्ये दुसरी आणू नये.